‘दुःखाचं दुकान’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दुसऱ्या महायुद्धात लिथुआनियातून सायबेरियात हद्दपार झालेल्या कुटुंबांवरच्या किशोर कादंबऱ्यांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही विचारता, ‘बाई, मुलांपुढे हे दुःखाचं दुकान मांडून तुम्हाला काय मिळतं?’ हे ‘बाई’ कुठल्या सुरातलं आहे ते कळतं हो मला.

आधी चूक कबूल. लिथुआनियातली पहिली मोठी हद्दपारी १४ जून १९४१ला सुरू झाली. मी १९४० लिहिलं. ते सोव्हिएत संघाने लिथुआनियाचा ताबा घेतल्याचं वर्ष. दुरुस्त केलंय. त्यासाठी ‘अभ्यास वाढवा’ असं खडसावायची गरज नव्हती.

आता दुकानाचं. हद्दपारीच्या रात्री दारं ठोठावणाऱ्या सोव्हिएत माणसांना लेखी सूचना होत्या. कुटुंबप्रमुखाला बायकामुलांपासून तोडायचं ते थेट स्टेशनवर, आणि तोवर घरच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. फक्त त्याचे कपडे वेगळ्या बॅगेत भरायला सांगायचे. म्हणजे नवऱ्याची बॅग वेगळी का भरायची, हे त्या बाईला कळत नव्हतं आणि शेजारी उभ्या पोरांनाही. लिथुआनियातल्या कौनास शहरातली डालिया ग्रिंकेविच्युटे तेव्हा १४ वर्षांची होती. वडिलांना धाडलं श्रमछावणीत. ती, आई आणि भाऊ आधी सायबेरियातल्या अल्ताईला, मग १९४२मध्ये पार उत्तरेला, आर्क्टिकमधल्या लापतेव समुद्राकाठी त्रोफिमोव्स्कला. पुढे ती आईला घेऊन लपूनछपून कौनासला परतली, सगळं कागदांवर उतरवलं आणि बरणीत घालून बागेत पुरलं. ती १९८७मध्ये वारली. बरणी सापडली १९९१मध्ये. तिला चौदाव्या वर्षी जे सोसावं लागलं, ते तुमच्या चौदा वर्षांच्या मुलीने नुसतं वाचायचंही नाही?

‘कोवळ्या मनां’बद्दल तर मला सांगूच नका. मी तेरा वर्षांची असताना माझे वडील गेले. तीन आठवडे ते दवाखान्यात होते आणि घरातली सगळी मोठी माणसं मला सांगत होती, ‘येतील बरे होऊन.’ मला राग मरणाचा नव्हता, त्या सांगण्याचा होता. अजून आहे. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, मान्य. पण मग ‘दुसऱ्यांच्या दुःखावर उमाळे काढणाऱ्या’ हे कशाच्या जोरावर लिहिलंत?

तुमचा दुसरा मुद्दा : नाझी जर्मन फौजा आल्यावर काही महिन्यांतच लिथुआनियातल्या ज्यूंची कत्तल झाली, तीत स्थानिकांचाही हात होता आणि माझ्या यादीतली पुस्तकं त्यावर गप्प आहेत. तो स्वतंत्र विषय आहे, एका लेखात सगळं बसत नाही. (सायबेरियाच्या गाड्यांत ज्यू कुटुंबंही होती, हे मी शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय. तिथवर पोचला असाल तर.) भाषांतरं बोजड आहेत म्हणता, असतील.

मुलीला काय वाचायला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तिने स्वतः काही विचारलं तर मी उत्तर देईन. तिने ‘बाई’ म्हटलेलं मला चालेल.