पृथ्वीच्या आकाराबाबत तडजोड

भुलीचं इंजेक्शन दिलं की दाताचे डॉक्टर "बाहेर बसा जरा, बधिर होऊ दे" म्हणतात आणि दुसऱ्याच्या तोंडात शिरतात. मी अर्धा जबडा गमावून बाहेर टेकतोय, तोच शेजारच्या गृहस्थांनी मोबाइल माझ्या नाकाशी धरला. "हा समुद्र. कुठे दिसतोय बाक? उगाच गोल-गोल करतात!"

गप्प बसायला माझ्याकडे चक्क वैद्यकीय कारण होतं. पण खाज वाईट.

"ग्लहन," मी म्हणालो. म्हणजे ग्रहण. चंद्रावरची पृथ्वीची सावली दर वेळी गोलच असते. पृथ्वी थाळीसारखी असती तर कधीतरी ती लांबुडकी पडली असती. अ‍ॅरिस्टॉटलला हे तेवीसशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

"सावली पृथ्वीचीच कशावरून?"

मग मी भास्कराचार्य काढले. (अर्ध्या जिभेने हे नाव घेऊन बघा. समोरचं लहान मूल आईला बिलगलं.) ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'त त्यांनी लिहून ठेवलंय की परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, पृथ्वी अफाट, माणूस एवढासा, म्हणून त्याला ती सपाट वाटते. म्हणजे या गृहस्थांच्या मोबाइलला पावणेनऊशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन झालंय.

"त्यांच्याकडे ड्रोन होता?"

इथे मला वॉलेस आठवायला हवा होता. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनच्या बरोबरीने मांडणारा हा शहाणा माणूस १८७० साली पाण्याला बाक असतो हे दाखवायच्या पाचशे पौंडांच्या पैजेत उतरला. इंग्लंडातल्या एका सरळ कालव्यावर सहा मैलांच्या अंतरात पाण्यापासून सारख्याच उंचीच्या खुणा लावल्या. दुर्बिणीतून मधली वर उचललेली दिसली. पंचांनी वॉलेसला विजयी ठरवलं. पण हॅम्पडेन नावाच्या प्रतिपक्ष्याने पुढे वर्षानुवर्षं त्याला शिव्यांची पत्रं लिहिली, बायकोलाही धमकावलं. बदनामीबद्दल तो तुरुंगात जाऊन आला, तरी थांबला नाही. वर पैज तेव्हा कायद्याने वसूल करता येत नसे म्हणून पैसेही परत गेले. अशा वादात जिंकणं हाच तोटा असतो.

तेवढ्यात समोरचे, गालाला बर्फाची पिशवी धरलेले काका खाकरले. "मी बोलू का? दोन्ही बाजू मी शांतपणे ऐकल्यात."

वाटलं, आला बाबा कोणीतरी आपला.

"यांना सपाट वाटते, तुम्हाला गोल. मग दोघांनी एकेक पाऊल मागे घ्यायला काय हरकत आहे?"

"मागे म्हंजे कुथे?"

"मध्ये!" काकांनी एक्स-रेचं पाकीट उलटं केलं, पेन मागून घेतलं आणि एका हाताने बर्फ सावरत पृथ्वी काढली. बाजूंनी गोल, वरून सपाट. "वरच्या बाजूला हे राहतील, कडेला तुम्ही राहा. माझ्या हयातीत मी भावाभावांच्या वाटण्या मिटवल्यात. फार ताणलं की तुटतं."

"पन काका, हे मोजलेलं आहे!"

"मोजणीवरूनच तर भांडणं होतात."

सपाटवाल्यांचा मला राग नव्हता. निदान त्यांचं एक मत तरी होतं, बिनबुडाचं असलं तरी. राग या तडजोडवाल्यांचा येतो. सावली, कालवा एका पारड्यात आणि 'मला नाही बुवा पटत' दुसऱ्यात, आणि हे काटा हाताने मध्ये धरून समतोल साधल्याचं समाधान मिरवणार. खरं बोलणारा हट्टी ठरतो तो यांच्यामुळेच.

त्यात माझा प्रामाणिकपणा नडला. पृथ्वी तंतोतंत गोल नाहीच, असं मी बोलून बसलो. स्वतःभोवती फिरल्यामुळे ती विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्तावरचा व्यास १२,७५६ किलोमीटर, ध्रुवांमधला सुमारे ४३ किलोमीटरने कमी. प्रमाण साधारण तीनशेत एक, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही एवढं...

"चपटी!" काकांनी बर्फ खाली ठेवला. "मग मी काय म्हणत होतो?"

शेजारच्यांनी मोबाइल खिशात घातला आणि मोठ्या मनाने हात पुढे केला. मला तो हातात घ्यावा लागला. आत बोलावणं आलं तेव्हा काका नव्या पेशंटला पाकीट दाखवत सांगत होते, "आता वाद नाही हं काही. साहेबांनी चपटी असल्याचं मान्य केलंय."