व्हॅरेनिक्लिनवरचा तो इशारा आता नाही

सिगारेट सोडवणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या गोळीवर मानसिक दुष्परिणामांचा 'ब्लॅक बॉक्स' इशारा (माहितीपत्रकात चौकटीत छापलेला सर्वांत कडक इशारा) आहे, असं या गोळीवरच्या एका लेखात म्हटलंय. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने तो 2009 मध्ये लावला होता, पण डिसेंबर 2016 मध्ये काढला. सुमारे 8,000 जणांच्या ईगल्स नावाच्या चाचणीत व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन (सिगारेट सोडवणारी दुसरी गोळी), निकोटिन पॅच आणि नुसती खोटी गोळी यांच्या गटांत मानसिक त्रासाबाबत लक्षणीय फरक दिसला नाही. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांत त्रास जास्त होता, पण तो चारही गटांत.

चिडचिड, उदासी, झोप उडणं हे निकोटिन तुटल्यामुळेही होतं. पहिल्या आठवड्यात सर्वाधिक. विचित्र स्वप्नं मात्र बहुधा गोळीचीच. दुसरा डोस झोपताना न घेता संध्याकाळी जेवणानंतर घ्यावा. पहिले 3 दिवस 0.5 मिग्रॅ एकदा, चौथ्यापासून सातव्यापर्यंत दोनदा, मग 1 मिग्रॅ दोनदा. ही चढण गाळली की मळमळीची शक्यता वाढते.

लेखात सुटलेली मोठी गोष्ट: सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन, ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधं लवकर संपवतं. धूर थांबला की तोच डोस अंगावर येतो, गुंगी वाढते आणि दोष नव्या गोळीला जातो. म्हणून ही औषधं चालू असतील तर सिगारेट सोडण्याची तारीख मनोविकारतज्ज्ञांना आधीच सांगावी. कॉफीतल्या कॅफिनचंही तसंच, कप निम्मे करा. आत्महत्येचे विचार आले तर मात्र व्हॅरेनिक्लिन बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.