‘खांद्याचं ऑपरेशन कधीच नको’ म्हणणाऱ्या मेसेजला एका फिजिओचं उत्तर

संक्रांतीची गडबड सरली की सोलापुरात माझ्याकडे खांदे दुखणाऱ्यांची रीघ लागते. यात्रेतल्या उंच नंदीध्वजाच्या सरावात कुणाचा खांदा ओढला गेलेला असतो, कुणी होम मैदानाच्या गर्दीतून घरी जाताना गाडीवरून पडलेलं असतं. मागाचा सुताचा बीम उचलताना ‘कट्’ असा आवाज आला म्हणणारा यंत्रमागवाला तर बाराही महिने असतो. यंदा या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एकच मेसेज होता. तो असा:

‘खांद्याचं ऑपरेशन कधीच करू नका, ती लूट आहे. इंग्लंडच्या डॉक्टरांनी खोटं ऑपरेशन करून दाखवलं, गुण सारखाच आला. फाटलेली शीर आपोआप जुळते. निखळलेला खांदा जाणत्या माणसाकडून बसवून घ्या, एक्स-रे काढला की अडकलात. खांदा धरला तर हात गळ्यात बांधून सहा महिने आराम करा. ऑपरेशन झालेला हात परत कामाचा राहत नाही. वीस जणांना पाठवा.’

आधी एक कबुली. मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोक ऑपरेशनला घाबरले तर ते माझ्याकडेच येणार. म्हणजे हा मेसेज माझ्या पोटावर पाय देत नाही, उलट माझं ताट वाढतो. तरीही तो खोडायला बसलोय, कारण त्यातला पहिला दावा अर्धा खरा आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचे खपून जातात.

इंग्लंडचा अभ्यास झालेला आहे, ही थाप नाही. 1972 मध्ये अमेरिकेतले सर्जन चार्ल्स नीर यांनी मांडलं की खांद्याच्या माथ्यावरचं हाड, म्हणजे अक्रोमिअन, हात वर उचलताना खालच्या कंडरेला, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला, घासतं. तिथला पुढे आलेला भाग तासला की जागा मोकळी होईल आणि दुखणं थांबेल. ऐकायला पटतं. पुढे दुर्बीण आली, लहान छिद्रांतून काम होऊ लागलं आणि हे ऑपरेशन जगभर फोफावलं. ते खरंच लागू पडतं का, हे पाहायला ऑक्सफर्डच्या गटानं 32 रुग्णालयांतले 313 रुग्ण घेऊन त्यांचे तीन भाग केले. एका गटाचं हाड तासलं. दुसऱ्या गटात दुर्बीण आत घातली, बघितलं आणि काहीही न करता बाहेर काढली. तिसऱ्याला कुठलाच उपचार दिला नाही. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तासलेले आणि नुसतं बघून सोडलेले, दोघांचा गुण सारखा. काहीच न केलेल्यांपेक्षा हे दोन्ही गट किंचित बरे होते, पण तो फरक रुग्णाला रोजच्या कामात जाणवेल एवढा नव्हता. फिनलंडमध्ये 210 जणांवर असाच अभ्यास झाला, त्याचा निष्कर्षही 2018 मध्ये तोच आला. 2019 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं तर हे ऑपरेशन करू नये अशी ठाम शिफारस केली.

तेव्हा कंडरा शाबूत आहे, खांदा नुसता दुखतोय, आणि फाइलवर फक्त ‘हाड तासणे’ एवढंच लिहिलंय, असं असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा की हे कशासाठी? एवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे.

पण मेसेज लिहिणाऱ्यानं एक ओळ गाळली. ऑक्सफर्डच्या अभ्यासात ज्यांची कंडरा पूर्ण फाटलेली होती, अशांना घेतलंच नव्हतं. खांदा निखळणारे, हाड मोडलेले यांचा तर विषयच नव्हता. एका ऑपरेशनचा निकाल उचलायचा आणि खांद्याच्या सगळ्या ऑपरेशनांना लावायचा, हे टॉवेलचा भाव ऐकून चादरीचा सौदा मोडण्यासारखं झालं. आणि ‘लूट’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक: त्या अभ्यासामागचे एक प्रमुख, अँड्र्यू कार, स्वतः खांद्याचे सर्जन. आपल्याच धंद्यातलं ऑपरेशन चालत नाही हे त्यांनी छापून सांगितलं. नंतर फाटलेल्या कंडरेच्या जागी फुगा बसवायची टूम निघाली. ब्रिटनमध्ये सर्जननीच तिची परीक्षा घेतली आणि फुगा बसवलेल्यांची अवस्था न बसवलेल्यांपेक्षा वाईट दिसल्यावर अभ्यास मध्येच थांबवला. 2022 ची गोष्ट.

आता ‘फाटलेली शीर आपोआप जुळते’. आपण शीर म्हणतो ती हीच कंडरा. अशा चार स्नायूंच्या कंडरा मिळून खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवतात. ती खोबणी इतकी उथळ की लिंबू-चमच्याची शर्यत आठवावी. पूर्ण फाटलेली कंडरा सहसा आपोआप जुळत नाही. पण फाटलेली असूनही न दुखणं, हे मात्र भरपूर दिसतं. जपानच्या एका खेड्यात 683 लोकांचे दोन्ही खांदे तपासले तेव्हा 20.7 टक्के खांद्यांत कंडरा पूर्ण फाटलेली निघाली, आणि त्यातल्या कित्येकांची काहीच तक्रार नव्हती. वय वाढतं तशी ती झिजते, केस पांढरे होतात तसंच. म्हणून साठीच्या मावशींच्या एमआरआयवर ‘फाटलेली’ हा शब्द दिसला की लगेच ऑपरेशनची तारीख घ्यायची नसते. अमेरिकेत अपघाताशिवाय कंडरा फाटलेल्या 452 जणांना आधी व्यायाम दिला, तर दोन वर्षांत चौघांतल्या एकापेक्षाही कमी जणांना ऑपरेशन लागलं. माझी भाकरी यावरच चालते.

पण अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यात तेलावरून पाय घसरून पडलेले एक अण्णा माझ्याकडे आले, त्यांची गोष्ट वेगळी होती. आदल्या दिवशी त्याच हातानं माग चालवत होते आणि पडल्यावर हात छातीच्या वर जाईना. दुसऱ्या हातानं उचलून दिला की जायचा, सोडला की धपकन खाली. धडधाकट कंडरा झटक्यात फाटली की असं होतं. यात थांबणं महागात पडतं, कारण तुटलेल्या दोरीचा स्नायू मागे ओढला जातो, बारीक होतो आणि हळूहळू त्यात चरबी भरते. चरबी भरलेला स्नायू टाके घालून पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. अण्णांनी आठ महिने मालिश केलं. ‘मेसेजमध्ये जुळंल म्हटलंय की’, हे त्यांचं उत्तर. सर्जनकडे पोचले तेव्हा टाके घालण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. लहान-मध्यम फाटीत व्यायाम आणि टाके यांची तुलना नॉर्वेत 103 जणांवर झाली. सुरुवातीला दोन्ही गटांत फार अंतर नव्हतं, दहा वर्षांनी मात्र टाके घातलेले पुढे होते. पडल्यावर हात उचलत नसेल तर महिने मोजत बसू नका. त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

‘निखळलेला खांदा जाणत्या माणसाकडून बसवून घ्या.’ पूर्वजांचं ज्ञान म्हणाल तर सुश्रुतसंहितेत खांदा सुटला तर काखेत मुसळ देऊन वर उचलावा आणि जागेवर आल्यावर पट्टा बांधावा असं सांगितलेलं आहे. त्या काळात ही मोठी गोष्ट होती, मला त्याचा अभिमानच आहे. पण सुश्रुताकडे एक्स-रे नव्हता. तालमीतल्या पोराचा खांदा सटकतो तेव्हा कधीकधी दंडाच्या हाडाला तडाही गेलेला असतो. न बघता ओढलं की तडा गेलेला तुकडा सरकतो. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, बाहीवर बिल्ला लावतो तिथं, बधिरपणा आला आहे का हे ओढण्याआधी पाहावं लागतं, कारण तिथली नस या अपघातात ताणली जाते. आणि चाळिशीनंतर खांदा निखळला तर सोबत कंडराही फाटलेली असण्याची शक्यता बरीच. खांदा बसवला, दुखणं थांबलं, पण हात उचलत नाही, म्हणून माणूस ‘अजून सूज असेल’ म्हणत राहतो.

यंत्रमागवाल्यांनी एक खास लक्षात ठेवावं. विजेचा शॉक बसल्यावर किंवा फिट आल्यावर खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. तो बाहेरून फारसा वेडावाकडा दिसत नाही. समोरून काढलेल्या एक्स-रेतही निसटतो, त्यासाठी बाजूनं किंवा काखेतून दुसरा एक्स-रे लागतो. शॉकनंतर हात बाहेरच्या बाजूला वळतच नसेल तर ‘एकच एक्स-रे काढला का?’ हे विचारायला लाजू नका.

आणि पोरांचं काय? विशीच्या आतला खांदा एकदा सटकला की बऱ्याचदा पुन्हा सटकतो. खोबणीच्या कडेची गादी फाटते, ती जुनी जागा धरत नाही. लंडनच्या बँकार्ट यांनी 1923 मध्येच ही जागा दाखवली होती, आज तीच गादी दुर्बिणीतून शिवतात. कडेचं हाडच झिजलं असेल तर नुसती शिवण पुरत नाही, तिथं हाडाचा तुकडा बसवावा लागतो. तालमीत उतरायचंच आहे अशा पोराला वर्षानुवर्षं ‘मीच बसवतो’ म्हणत ठेवणं म्हणजे दर वेळी ती कड थोडी आणखी खरवडणं.

खांदा धरल्यावर हात गळ्यात बांधायचा सल्ला तर सरळ उलटा आहे. आधीच जाम झालेला सांधा बांधून ठेवला की आणखी आखडतो. हा धरलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर, मधुमेह असणाऱ्यांना जास्त होतो आणि सहा महिन्यांत हमखास जातो असं नाही, वर्ष-दोन वर्षंही लागतात. इथं ऑपरेशनची घाई नको हे खरं. ब्रिटनमध्ये 503 रुग्णांत भूल देऊन सांधा सोडवणं, दुर्बिणीतून आवरण कापणं आणि इंजेक्शनसह व्यायाम, अशी तुलना झाली. वर्षानंतर कुठलाच उपचार ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणून आधी व्यायाम. इंजेक्शन घेणार असाल आणि शुगर असेल तर पुढचे काही दिवस शुगर तपासा, ती चढते.

राहिला ‘हात कामाचा राहत नाही’. कंडरा शिवल्यावर चार ते सहा आठवडे हात गळ्यात अडकवायच्या पाऊचमध्ये असतो. ताकदीचे व्यायाम साधारण तिसऱ्या महिन्यानंतर, जड काम सहा महिन्यांच्या आसपास. मोठी फाट असेल, वय जास्त असेल, तर शिवलेलं पुन्हा सुटूही शकतं. हे कुणी ऑपरेशनआधी सांगत नसेल तर तुम्ही विचारा. पण माझ्याकडे येणारे बहुतेक जण हात कामातून जाईल म्हणून घाबरत नाहीत. ते घाबरतात सहा महिन्यांच्या पगाराला. विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या माणसाला सुरीपेक्षा आठवड्याचा पगार बुडणं जास्त दुखतं, आणि मेसेज लिहिणाऱ्याला याचा पत्ताच नाही.

मागच्या वर्षी माग दुरुस्त करणाऱ्या एका जॉबरनं ऑपरेशनला होकार देण्याआधी मला एकच प्रश्न विचारला होता, ‘सर, पाऊच घालून कुठलं काम करता येतंय?’ आम्ही दोघं मालकाकडे गेलो. मालक आधी कुरकुरले, मग त्याला दोन महिने टॉवेलच्या डझनांची नोंद ठेवायला बसवलं. पगार थोडा कापला. डावा हात पाऊचमध्ये, उजव्या हातात पेन. व्यायामाला तो संध्याकाळी पाळी सुटल्यावर यायचा, आणि येताना वहीत आकडे मांडून थकलो म्हणायचा.