क्वार्टर ग्लासची कड ब्लेडने काढू नका

पावसाळा लागला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला. त्यात म्हटलंय: गाडीच्या मागच्या छोट्या फिक्स काचेतून, म्हणजे क्वार्टर ग्लासमधून, पाणी येत असेल, तर अख्खी काच बदलायला सांगणारे तुम्हाला लुटतात. काचेभोवतीचं काळं रबर ब्लेडने काढा, बाजारातून मीटरवर रबर आणा, सिलिकॉनने चिकटवा आणि लगेच गाडी काढा. मी वागळे इस्टेटमध्ये गाड्यांच्या काचा बसवतो. हा सल्ला ऐकून बिघडलेल्या गाड्या दर जुलैत माझ्याकडे येतात, म्हणून लिहितोय.

आधी ‘रबर काढा’ हे घेऊ. जुन्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या पुढच्या काचेला खरंच सुटं रबर असायचं. रबराच्या खाचेत दोरी घालायची, एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी ओढत रबराची ओठी पत्र्यावर चढवायची. तिथे रबर बदलणं बरोबर होतं. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या क्वार्टर ग्लासची कड मात्र कारखान्यात काचेवरच ओतलेली असते. काचेच्या काठाला प्रायमर, म्हणजे पकड धरवणारा थर, लावून काच साच्यात ठेवतात, साचा बंद करून पीव्हीसीसारखं वितळलेलं प्लास्टिक दाबाने सोडतात. कधी पॉलियुरेथेनची दोन द्रवं साच्यातच एकत्र येऊन घट्ट होतात. काच चौकटीत नेमकी बसवणाऱ्या पिना आणि क्लिपाही बऱ्याचदा त्याच कडेत रोवलेल्या असतात. ब्लेड चालवलं की त्याही जातात. शिवाय ही काच सहसा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते. तिचा कमकुवत भाग म्हणजे काठ. तिथे खोल ओरखडा गेला तर पूर्ण काचेचे बारीक तुकडे होऊन सीटवर पडतात.

सिलिकॉनने सगळ्यात जास्त नुकसान होतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. मागच्या वर्षी घोडबंदर रोडवरून एक ताई गाडी घेऊन आल्या. डिकीतलं कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खोलगट जागेत बोटभर पाणी. काचेभोवती पांढरं सिलिकॉन, ते नखाने उचकटलं तर खाली रंग फुगलेला, आणि फुगा दाबला की तपकिरी भुगा. त्यांना काचेचा खर्च होताच, वर पत्रा घासून प्रायमर आणि रंग मारावा लागला. सिलिकॉनचा पातळ थर जरी उरला, तरी त्यावर पीयू, म्हणजे काच चिकटवायचं खरं गोंद, धरत नाही. तो थर काढण्यातच माझी अर्धी दुपार गेली.

अजून एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली नाही. पीयूला उन्हाचं वावडं. म्हणूनच काचेच्या काठावर भाजलेला काळा पट्टा असतो आणि त्यावर ही कड. कड कापून टाकली की ऊन काठापर्यंत पोचतं.

‘लगेच गाडी काढा’ हेही चूक. पीयू हवेतला ओलावा घेत बाहेरून आत घट्ट होतं. आपल्याकडच्या दमट हवेत ते चांगलंच धरतं, पण लावताना चौकट कोरडी ठणठणीत हवी. किती वेळ थांबायचं ते ट्यूबवर छापलेलं असतं, तेवढं थांबा.

राहिलं ‘लुटतात’. यात तथ्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. डिकीत पाणी दिसलं की काचच गेली असं नसतं. मागच्या दिव्याचं गॅस्केट, छताच्या सांध्यातलं सीलंट, बंपरमागची हवेची झडप, कुठूनही पाणी येतं. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने पाइपने खालून वर हळूहळू पाणी मारत जायचं. थेंब नक्की कुठे फुटतो ते दिसेपर्यंत काचेला हात लावू देऊ नका. आणि कड शाबूत असून फक्त गोंद सुटलं असेल, तर उरलेलं गोंद तारेने कापून तीच काच सांभाळून बाहेर काढता येते आणि नव्या पीयूवर परत बसवता येते. हे करून बघाल का, असं फिटरला आधी विचारा. नवी काच घ्यावीच लागली तर कोपऱ्यातला आयएसआय शिक्का बघून घ्या.