लाभार्थी कसा सांभाळावा

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर झालात, अभिनंदन. आता घरचे विचारतील, दोन वर्षं शिकून झालास तरी कोण, आणि तुम्हाला ते सांगता येणार नाही. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते, रिक्षावाल्यालाही बॅज लागतो. समाजसेवकाला फक्त फ्लेक्स लागतो. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याची शाळा निघाली. तेव्हापासून एवढी वर्षं लोटली, पण या पेशाची राष्ट्रीय परिषद काही झाली नाही. त्यामुळे गॉगल, सोनसाखळी आणि जोडलेले हात अशा थाटात चौकात झळकणारे 'थोर समाजसेवक' दादा आणि तुम्ही, कायद्याच्या लेखी एकाच पंगतीला आहात. वाईट वाटून घेऊ नका. तहसीलदार दादांचं ऐकतो आणि तुमचं ऐकत नाही, फरक एवढाच.

माझी या क्षेत्रात बावीस वर्षं गेली. शबनम पिशवी जाऊन लॅपटॉपची बॅग आली, केस जाऊन जॅकेट आलं. तेव्हा चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे, निदान प्रवासभत्ता तरी.

सगळ्यात आधी, माणसांत काम करू नका, लाभार्थ्यांत करा. माणूस फार गैरसोयीचा असतो. तो सरपंचाला शिव्या घालतो, भावकीत भांडतो, पोरीच्या लग्नाला कर्ज काढतो आणि तुमच्या बैठकीच्या दिवशी नेमका कापूस वेचायला जातो. लाभार्थी सतरंजीवर बसतो. माणसाला म्हणणं असतं, लाभार्थ्याला गरज असते, आणि गरज एक्सेलच्या रकान्यात बसते.

आमच्याकडे अशी एक उत्तम लाभार्थी आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, नाव सांगत नाही, नाहीतर उद्या तुम्हीही बेसलाइन, म्हणजे प्रकल्पाआधीची पाहणी, घेऊन पोचाल. सगळे तिला मावशी म्हणतात. नवऱ्यानं आत्महत्या केली तेव्हा चौकशी झाली. सरकारची मदत २००६ पासून एक लाख ठरलेली आहे, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण त्यासाठी शेती घरच्यांच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं हवं, आणि त्या कर्जाचा तगादाही हवा. मावशीच्या घरी शेती होती, कर्ज होतं, तगादा तर रोज दारात होता. फक्त सावकाराकडे परवाना नव्हता. म्हणून आत्महत्या अपात्र. तुमच्या अभ्यासक्रमात 'अपात्र आत्महत्या' हा शब्द आला नसेल. आमच्याकडे तो रोजच्या वापरातला आहे, शिधापत्रिकेसारखा.

सरकारच्या यादीत अपात्र झाली आणि आमच्या यादीत मात्र मावशी लगेच पात्र ठरली. विधवा, भूमिहीन होण्याच्या वाटेवर, दोन मुलं शाळेत. असं प्रोफाइल मिळायला नशीब लागतं. गेल्या काही वर्षांत तिच्या पाच बेसलाइन झाल्या, दोन आमच्या आणि तीन इतरांच्या. टॅब घेऊन मुलं येतात, पावणेदोन तास प्रश्न विचारतात आणि बिस्किटाचा पुडा देऊन जातात. चौथ्या वेळी आमच्या मुलानं विचारलं, मावशी, आठवड्यातून किती वेळा डाळ खाता? ती म्हणाली, "मांगच्या बाईले म्या तीन सांगतलं होतं. तुमाले किती लिवाचं हाय?"

याला आम्ही सहभागी पद्धत म्हणतो.

सहभागाचं आणखी एक तंत्र आहे, तेही शिकून घ्या. गावकऱ्यांना जमवून जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा. कुठं विहीर, कुठं शाळा, कुठं कोणाची वस्ती. मूळ कल्पना चांगली होती: गावाची माहिती गावालाच असते, तेव्हा साहेबांनी गप्प बसून ऐकावं. आम्ही त्यातलं गप्प बसणं तेवढं गाळलं. मावशीनं तो नकाशा इतक्यांदा काढलाय की निळी रांगोळी विहिरीला आणि पिवळी रस्त्याला, हे तिला पाठ आहे. रस्ता अजून झालेला नाही, पण पिवळी रांगोळी मागवलेली असते, म्हणून ती ओढते.

नकाशा काढायची जागा मात्र जपून निवडा. पाटलांच्या वाड्यासमोरचं अंगण ऐसपैस असतं, सावलीही असते. बौद्धवाड्यातल्या आणि पारधी बेड्यावरच्या बाया तिथं येत नाहीत, त्यामुळे चर्चाही शांततेत होते. अहवालात जात लिहू नये, 'वंचित घटक' लिहावं. जात लिहिली की कोणीतरी विचारतं, मग पाटलांच्या अंगणात का बसलात? 'वंचित घटक' कोणाच्या अंगणात येत नाहीत, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

आता पैसा. या विषयावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमचं निम्मं आयुष्य त्यातच जातं. १ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना समाजावर प्रेम करणं सक्तीचं झालं. निव्वळ नफा पाच कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी, यातलं काहीही एक असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के एवढं प्रेम. आणि प्रेम जवळच्यावर आधी करावं, असंही कायदाच सांगतो, म्हणजे कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य. त्यामुळे चाकणच्या बाजूच्या एखाद्या शाळेची भिंत तिसऱ्यांदा रंगते. महाराष्ट्रातले नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव हे चार जिल्हे केंद्र सरकारनं 'आकांक्षित' ठरवले; आकांक्षा त्यांची, कारखाने दुसरीकडे. यवतमाळ तर त्या यादीतही नाही.

तुम्ही म्हणाल, मग यवतमाळात पैसा येतो कधी? मार्चमध्ये. शिल्लक पैसा कंपनीला गुपचूप ठेवून घेता येत नाही, वेगळ्या खात्यात नाहीतर सरकारी निधीत टाकावा लागतो. म्हणून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून फोन येतो: चोवीस लाख आहेत, एकतीस तारखेच्या आत बिलं पाहिजेत, तुमच्याकडे गरीब आहेत ना? आहेत म्हणायचं. मग पंधरा दिवसांत काय होतं? बदल होत नाही, शिलाई मशीन होतं. मशीनचं बिल मिळतं, मशीन मोजता येतं, मशीनवर लोगो चिकटतो, मशीनजवळ बाई बसवली की सक्षमीकरणही होतं. मावशीच्या गावात आज अठ्ठावीस मशीन आहेत. ब्लाऊज शिवून घेणाऱ्या बाया बहुधा त्याच अठ्ठावीस. मावशीच्या मशीनवर सध्या टीव्ही आहे, त्यावर क्रोशाचं झाकण. उपयोग झाला नाही असं कसं म्हणू?

परदेशी देणगीचं प्रकरण वेगळं. पूर्वी मोठ्या संस्थेचा पैसा पाझर तलावासारखा खालच्या लहान संस्थांत मुरायचा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं ते बंद झालं: आलेली देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर, आणि पैसा आधी उतरणार दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत. हिशेब चोख हवा, याला कोण नाही म्हणेल? यात आमच्या तालुक्यातली एक दोन खोल्यांची संस्था बंद पडली, एवढंच. तिथं एक ताई होती, तिला कोणत्या घरात कोण उपाशी झोपतं ते माहीत होतं. ही माहिती प्रशासकीय खर्चात धरायची की कार्यक्रमाच्या, हे कोणाला ठरवता आलं नाही.

खरं तर जुन्या मंडळींना हे प्रश्न पडतच नसत. त्यांचा वाद निराळा होता, संघर्ष करायचा की रचना, संस्था काढायची की संघटना बांधायची. शिबिरांमध्ये रात्र रात्र त्यावर भांडायचे, बिड्या संपायच्या, वाद संपायचा नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी मोर्चे काढून काम मागितलं आणि १९७७ साली महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला. कामाला हक्क म्हणणारा असा कायदा देशात पहिलाच. बघा, केवढा मोठा परिणाम, आणि एकाचीही केस स्टडी नाही, एकाही मोर्चेकऱ्याचं जिओटॅग नाही! आजचा दाता याला पैसे देईल का? तो विचारेल, मोर्चाचं युनिट कॉस्ट किती? तेव्हा तुम्ही त्या भानगडीत पडू नका. 'हक्क' हा शब्द प्रस्तावात दिसला तर खोडून 'जाणीवजागृती' करा. जाणीव कितीही जागी झाली तरी ती तहसील कचेरीवर जात नाही.

आता तुमच्या पगाराविषयी. पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. पगार वाढतो, मानधन मिळतं. अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली, तिथल्या सेविका अजून मानधनावरच आहेत. त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे हे सांगायलाही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. तुम्ही तर प्रकल्पावर आहात. प्रकल्प अकरा महिन्यांचा, दुष्काळ बारा महिन्यांचा. मधल्या एका महिन्यात गावकऱ्यांनी तुम्हाला फोन केला तर उचलावा का? मी उचलत नाही. सुरुवातीला उचलायचो.

फोटोचं शास्त्र मात्र नीट शिका, त्यावर सगळं उभं आहे. फोटो दोन लागतात, 'आधी' आणि 'नंतर'. 'आधी'मध्ये बाई भिंतीला टेकून जमिनीकडे बघते, मागे भिंतीचा पोपडा, फाटकं लुगडं. 'नंतर'मध्ये तीच बाई उभी, हातात प्रमाणपत्र, नवी साडी, मागे आपला बॅनर. बॅनर बाईपेक्षा लहान असू नये. लहान मुलांचं जपून करा: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड केली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोठ्यांना तसं संरक्षण नाही, त्यांच्यासाठी संमतीपत्र आहे. ते इंग्रजीत असतं, खाली अंगठ्याला जागा असते. मावशीचा अंगठा आमच्या फाईलमध्ये सात ठिकाणी आहे. पहिल्या वेळी ती चांगली साडी नेसून आली होती, पाहुणे येणार म्हणून. आमचा फोटोग्राफर म्हणाला, हे जेन्युइन वाटत नाही. मग तिनं आत जाऊन शेतात जायचं लुगडं नेसलं. तेव्हा वाटलं.

एक चूक सांगतो, ती करू नका. आमच्याकडे एक मुलगी लागली होती, तुमच्यासारखीच, नुकती शिकून आलेली. तिला वाटलं, मावशीला निराधार योजनेचं अनुदान मिळवून द्यावं. महिना दीड हजार. अट अशी की घरचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं, नाहीतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं. यादीत नाव नव्हतं, म्हणून उत्पन्नाचा दाखला. दाखल्यासाठी तलाठी, तलाठी साझ्यावर नाही. मग मृत्यूच्या दाखल्यात नवऱ्याच्या नावाची एक वेलांटी चुकलेली. मग आधारवर तीच वेलांटी बरोबर. अकरा खेपा झाल्या. एसटीनं, मावशीला बरोबर घेऊन, तिची त्या दिवसाची मजुरी बुडवून. अकराव्या खेपेला काम झालं.

महिन्याच्या आढाव्यात तिनं मोठ्या आनंदानं सांगितलं. मी एमआयएस उघडलं, म्हणजे कामाच्या आकड्यांची संगणकावरची वही. थेट लाभार्थी: १. उपक्रमांची संख्या: ०, कारण तहसील कचेरीत उन्हात बसणं हा उपक्रम नाही. त्या महिन्याचं तिचं लक्ष्य होतं एकशे वीस महिलांना आर्थिक साक्षरता. तिनं मला विचारलं, "सर, मग हे काम कुठल्या रकान्यात लिहू?" मी बराच वेळ शोधला. मनापासून शोधला. शेवटी 'इतर'मध्ये लिही म्हणालो. 'इतर'ला शंभर अक्षरांची मर्यादा होती. पुढच्या मार्चमध्ये तिचा प्रकल्प संपला. हल्ली ती स्पर्धा परीक्षा देते असं ऐकलं, तलाठी होणार म्हणे.

मावशीला दीड हजार येतात, कधी महिन्याला, कधी तिमाहीला. आमच्या अहवालात मावशी शिलाई मशीनमुळे स्वावलंबी झाली आहे.

परवा एंडलाइनला, म्हणजे प्रकल्प संपतानाच्या पाहणीला, गेलो होतो. बरोबर मुंबईचे दोन पाहुणे, एक नवा फोटोग्राफर आणि तुमच्यासारखा एक नवीन मुलगा. गाडीचा आवाज ऐकून मावशी दारात आली, हात कपाळाशी धरून गाडीवरचा लोगो बघितला. दोन साड्या खांद्यावर टाकून बाहेर आली आणि मला बाजूला घेऊन, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "काहो भाऊ, आज पयलेचं नेसू का नंतरचं?"