'मेड इन जपान'वर वाद घालू इच्छिणाऱ्यांसाठी

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा 'मेड इन जपान' हा लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित केलेला, अल्बम थोर आहे की नुसताच गाजलेला, यावर मत द्यायचं असेल तर तो ऐकायची घाई करू नका. ऐकलेला माणूस वादात लगेच उघडा पडतो. त्याला एखादी जागा आवडलेली असते, ती तो गुणगुणून दाखवायला जातो आणि समोरचा शांतपणे विचारतो, "हे कुठल्या रात्रीचं?" संपला बिचारा. म्हणून आधी तारखा पाठ करा. 15 आणि 16 ऑगस्ट 1972 ओसाका, 17 ऑगस्ट टोकियोचं बुडोकान सभागृह. गाणी सात. त्यांतलं 'स्मोक ऑन द वॉटर' ओसाकाच्या पहिल्या रात्रीचं, 'द म्यूल' आणि 'लेझी' टोकियोची, उरलेली चार ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीची. एवढं एका दमात म्हणता आलं की तुमची गणना जाणकारांत. मत मग कुठलंही असलं तरी चालतं.

मात्र तारखा नुसत्या माहीत असून भागत नाही, त्या वापरता आल्या पाहिजेत. अल्बममध्ये जी रात्र घेतली असेल तिच्या बाजूने कधीही बोलू नका. कुणी टोकियोच्या 'लेझी'ची तारीफ केली तर किंचित हसा आणि "ओसाकाची 'लेझी' ऐकलीयस का?" एवढंच विचारा. पूर्वी हा प्रश्न ब्रह्मास्त्र होता, कारण कुणीच ऐकलेली नसायची, विचारणाऱ्यानेसुद्धा. पण 1993 मध्ये तिन्ही रात्रींचा बराचसा भाग तीन सीडींच्या संचात बाजारात आला आणि आपल्या शास्त्राचं अपरिमित नुकसान झालं. आता लोक तपासून बघतात. त्यामुळे हल्ली जाणत्यांनी आपला मुक्काम बूटलेगमध्ये, म्हणजे चोरून केलेल्या अनधिकृत ध्वनिमुद्रणांत, हलवला आहे. बूटलेग निवडताना एक पथ्य पाळा: टेप फार पूर्वी कुणीतरी ऐकायला नेलेली आणि परत न आलेली असावी. तिच्यातला गिटार सोलो दरवर्षी थोडा लांबवत न्यायला हरकत नाही.

आता मुख्य हत्याराकडे येऊ. ओव्हरडब. लाइव्ह अल्बम म्हणून विकलेल्या ध्वनिमुद्रणात स्टुडिओत जाऊन मागाहून काय काय भरलं, हा प्रश्न ज्याने शोधून काढला त्याचे चाहत्यांवर फार उपकार आहेत. किस या बँडच्या 1975 च्या 'अलाइव्ह!'ची डागडुजी स्टुडिओत झाली. जूडास प्रीस्ट या बँडचा 1979 चा 'अनलीश्ड इन द ईस्ट' हाही जपानमधलाच, पण त्यातल्या गायनाबद्दलच्या संशयापायी लोकांनी त्याचं बारसं 'अनलीश्ड इन द स्टुडिओ' असं केलं. सगळ्यांत रसाळ प्रकरण थिन लिझी या बँडच्या 1978 च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'चं. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो, तीन चतुर्थांश काम स्टुडिओतलं. बँडच्या बाजूचे म्हणतात, छे, काहीतरीच काय, थोडीफार ठाकठीक केली असेल. दोघेही तिथे हजर होते! या खटल्याचा निकाल लागू नये अशी दोन्हीकडच्या चाहत्यांची मनापासून इच्छा आहे.

'मेड इन जपान'ची अडचण अशी की त्यात ओव्हरडब नाहीत. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चने आठ ट्रॅकवर जे टिपलं तेच बाहेर आलं. नवशिका इथे गडबडतो. तुम्ही गडबडू नका. ओव्हरडब नसेल तर संशय उलटा फिरवा: इतकं चोख वाजवलंय म्हणजे आधी घोकून ठेवलं असणार, मग त्यात उत्स्फूर्त ते काय उरलं? आणि एखादी चूक सापडली तर फक्त बँड कुणाचा आहे ते बघा. आपल्या बँडच्या चुकीला जिवंतपणा म्हणतात, दुसऱ्याच्या बँडच्या चुकीला रियाझ कमी पडला म्हणतात. सूर तोच असला तरी बिघडत नाही.

'लाइव्ह ॲट लीड्स'वाले कधी ना कधी येणारच, त्यांची तयारी ठेवा. द हू या बँडचा हा अल्बम 14 फेब्रुवारी 1970 ला लीड्स विद्यापीठात ध्वनिमुद्रित झाला. वेष्टन मुद्दाम बूटलेगसारखं, खाकी आणि शिक्का मारलेलं. तबकडीच्या लेबलावर तर खरखर राहू द्या, दुरुस्त करू नका, अशी सूचनाच छापलेली. खरखरीलाही अधिकृत मान्यता मिळवणारे हे लोक तुम्हाला सहज हरवतील. त्यांच्याशी समोरासमोर भिडू नका, त्यांना हलकेच हल शहराकडे वळवा. दुसऱ्याच दिवशी बँड हलला वाजला, तिथलंही ध्वनिमुद्रण झालं, पण सुरुवातीच्या काही गाण्यांत जॉन एन्टविसलचं बेस टेपवर उतरलंच नाही. 2010 मध्ये ते बाहेर काढताना त्या जागी लीड्सचं बेस बसवलं. म्हणजे हल ऐकताना आपण नेमकं काय ऐकतो? हा प्रश्न टाका आणि बाजूला व्हा. आता ते आपसात बघून घेतील.

आवृत्त्यांबद्दल बोलताना नियम सोपा आहे: जी मिळत नाही ती उत्तम. मुळात हा अल्बम फक्त जपानपुरता निघायचा होता, तिथे तो 'लाइव्ह इन जपान' या नावाने वेगळ्या मुखपृष्ठासह आला. तेव्हा पहिलं जपानी प्रेसिंग, म्हणजे तबकड्यांची तिथली पहिली खेप, सोडून बाकी सगळ्याला "ठीक आहे" म्हणा. 1998 चं रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाचा नव्याने घासूनपुसून काढलेला आवाज) कर्कश, 2014 चा खोका महाग, नंतरचं जे काही असेल ते गरज नसताना केलेलं. समोरच्याच्या हातात जगभर विकली गेलेली नेहमीची सोनेरी प्रत असेल तर त्याला मुखपृष्ठ नीट पाहायला सांगा. त्यावरचा मंचाचा फोटो जपानचा नाही, लंडनमधल्या कार्यक्रमाचा आहे. या माहितीचा संगीताशी काहीही संबंध नाही. म्हणूनच ती इतकी लागू पडते.

(रीमास्टरमध्ये झांजांचा वरचा नाद किती हरवला, हे ज्या कानांनी ठरवायचं त्या कानांचीही थोडी विचारपूस करावी. याच बँडने 1972 मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात 117 डेसिबलची मजल मारून गिनीज बुकात नाव लावलं होतं आणि प्रेक्षकांतले तीन जण बेशुद्ध पडले होते. बाकीचे शुद्धीवर होते. ते आजही मतं देतात.)

गाण्यांविषयी बोलायची वेळ आलीच तर 'द म्यूल'वर अडून बसा. हा जवळजवळ सगळा इयान पेसचा ड्रम सोलो. त्याला दैवी म्हणता येतं किंवा असह्य म्हणता येतं. "छान आहे, जरा लांबलाय" असं म्हणणाऱ्याला दोन्ही गट दारात उभं करत नाहीत. दोन तबकड्यांच्या या अल्बमच्या चौथ्या बाजूचंही तसंच. 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं गाणं होतं, इथे ते जवळपास वीस मिनिटं चालतं आणि तबकडीची एक अख्खी बाजू खाऊन बसतं. खरा पर्पल त्या बाजूलाच आहे, असं सगळे भक्त सांगतात. त्यांच्या जुन्या प्रती उजेडात तिरप्या धरून पाहा. पहिल्या बाजूला चरे, दुसरीला चरे, तिसरीला थोडे कमी, आणि चौथी बाजू कालच दुकानातून आणल्यासारखी काळीभोर.

एका जागी मात्र सांभाळा. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'च्या मध्यावर रिची ब्लॅकमोर गिटारवर एक छोटी सुरावट टाकतो, इयान गिलन ती तशीच्या तशी गळ्यातून परत करतो. ब्लॅकमोर वर चढतो, गिलन मागोमाग. सवाल-जवाब असा वाढत वाढत जातो आणि शेवटी गिलन एक किंकाळी ताणतो ती ताणतच राहतो. इथे भल्याभल्यांची बोलती बंद झालेली आहे. तुमचीही होईल, म्हणून आधीच एखादं वाक्य तोंडाशी ठेवा. "स्टुडिओतलं जास्त आटोपशीर आहे" हे बरं पडतं. उगाच डोळे मिटून ऐकू नका. प्रतिपक्ष त्याची कबुली म्हणून नोंद करतो.

सगळ्यांत घातक माहिती म्हणजे खुद्द बँडचं वागणं. त्यांना हा अल्बम काढायची फारशी हौसच नव्हती. जपानी कंपनीचा आग्रह म्हणून तयार झाले. मिक्सिंगला बेसवादक रॉजर ग्लोव्हर आणि पेस गेले. ब्लॅकमोर आणि गिलन फिरकले नाहीत. खर्च सुमारे 3,000 डॉलर आल्याचं ऑर्गनवादक जॉन लॉर्ड सांगत असे. आणि वर्षभराच्या आत, 29 जून 1973 ला, त्याच ओसाकात गिलन आणि ग्लोव्हर या बँडमधून शेवटचं वाजवून बाहेर पडले. म्हणजे ज्या दिवसांवर आपण आयुष्यभर भांडतोय, ते दिवस ज्यांनी घडवले त्यांना एकमेकांचं तोंड पाहवत नव्हतं. हे कुणी तुमच्या तोंडावर फेकलं तर डगमगू नका. कलावंताला स्वतःच्या कामातलं काय कळतं, असं म्हणून पुढे चला. गिलनचं एकच वचन आपण मानायचं. गाण्यांच्या मधे तो मंचावरून ध्वनियंत्रणेवाल्याकडे मागणी करतो की, सगळं बाकीच्या सगळ्यापेक्षा मोठ्याने येऊ द्या. आपल्या बैठका चालतात त्याच तत्त्वावर.

राहता राहिला नवखा. तो अधूनमधून येतो. सांगतो की, 'हायवे स्टार' सुरू व्हायच्या आधी ड्रम आणि ऑर्गन नुसते तापत वर येत जातात ना, तिथेच माझ्या अंगावर काटा आला. याला आवृत्ती विचारा. तो म्हणेल, फोनवर ऐकला. त्या क्षणी ओसाकावाले, टोकियोवाले, लीड्सवाले, हलवाले, पहिल्या प्रेसिंगचे आणि बूटलेगचे असे सगळे कधी नव्हे ते एक होतील. पण पोरगं चिवट निघालं आणि "मग लावूच ना आत्ता" म्हणत त्याने अल्बम लावलाच, तर बोलणं थांबवायचं नाही. 'चाइल्ड इन टाइम'मध्ये गिलन वरच्या पट्टीत जाईल तेव्हा तुम्हालाही आवाज चढवावा लागेल. तेवढा घसा राखून ठेवा. ड्रम सोलोत मुद्दे दुरुस्त करून घेता येतात. आणि काहीही झालं तरी 'स्पेस ट्रकिन'च्या आधी समेट करू नका, नाहीतर ती वीस मिनिटं तुम्हाला ऐकावी लागतील.