वहीतले कोरे रकाने : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

करोनाकाळात जुनाट आजार असलेल्या ज्येष्ठांच्या मनाची जी ओढाताण झाली, तिच्यावरील माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की, एकटेपणा हे पुण्यामुंबईच्या फ्लॅटमधले दुखणे आहे. सोलापूरच्या पूर्व भागात म्हातारी माणसे मुलानातवंडांतच असतात आणि तिथला खरा प्रश्न गोळ्यांना पैसे कुठून आणायचे हा होता.

आपला निम्मा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, यंत्रमाग थांबले, विड्या वळायला पाने आणि तंबाखू मिळेनासे झाले, आणि हातावर पोट असलेल्या घरांत सर्वांत आधी कात्री लागली ती म्हाताऱ्यांच्या औषधांना. हे माझ्या लेखात यायला हवे होते, आले नाही, ही माझी चूक आहे.

मात्र गोळ्यांचा प्रश्न वेगळा आणि मनाचा वेगळा, हे मला पटत नाही, कारण आमच्या घरी पैसे होते, गोळ्याही होत्या. माझे वडील जुने मधुमेही. पहाटे सिद्धेश्वर तलावाकडे फेरी मारायची आणि घरी येऊन उपाशीपोटीची साखर वहीत तारखेसह लिहायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. 65 वर्षांवरील आणि जुनाट आजार असलेल्यांनी घरातच थांबावे, ही सरकारी सूचना योग्यच होती; पण आम्ही ती त्यांना दिवसातून दहा वेळा ऐकवली. "तुम्हाला शुगर आहे, दाराशी येऊ नका," असे नातूही म्हणू लागला. त्या वर्षी आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला निघालेल्या टीव्हीवर पाहिल्या आणि ते काही न बोलता आत जाऊन पडले. जुलैपासून वहीचे रकाने कोरे आहेत. विचारले तेव्हा "लिहून काय करायचं?" एवढेच म्हणाले. पुढे गादीखाली गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. घरात आम्ही सहा माणसे होतो.

मधुमेहींमध्ये नैराश्य इतरांपेक्षा अधिक आढळते. नैराश्यात माणूस पथ्य आणि औषध सोडतो, ताणामुळे साखर आणखी चढते, चढलेल्या साखरेने थकवा येतो आणि थकलेले मन अधिकच खचते. त्यातून आपल्याकडची वडीलधारी माणसे मी उदास आहे असे सहसा म्हणत नाहीत. जेवण जात नाही, झोप लागत नाही, अंग दुखते असे सांगतात, आणि आपण ते वयावर ढकलतो. आम्हीही तेच केले, आणि मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचायला आम्हाला सहा महिने लागले.

पैशांची अडचण असलेल्या घरांसाठी इतके सांगतो की, ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर समुपदेशन मोफत मिळते. पूर्व भाग आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिला आहे. हातातले काम अचानक सुटलेल्या वयस्क विडी कामगार स्त्रियांचे ते महिने कसे गेले, हे आपण सविस्तर लिहिलेत, तर आपल्या संमतीने मी ते मूळ लेखाला जोडीन.